श्वासनळीतली झाडलोट

शिरपूर जैनच्या शिवारात सोयाबीनच्या मळणी यंत्रापाशी कोण उभे असते, हे मी सांगायला नको. भुशाची धूळ त्यांच्याच छातीत जाते. ती बाहेर लोटते श्वासनळीच्या पेशींवरची सूक्ष्म लव. एका पेशीवर सुमारे २०० तंतू, सेकंदाला दहा-पंधरा फटके! या फटक्यांना वेग देणारा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साईड वायू. पेशी तो आर्जिनिनपासून स्वतःच बनवते. त्याने पेशीतले सायक्लिक जीएमपी वाढते आणि लव जलद हलते. (हाच वायू रक्तवाहिन्या सैल करतो, त्या शोधाला १९९८ साली नोबेल मिळाले.) चुलीचा, विडीचा धूर मात्र ही लव दुबळी करतो. मग कफ साचतो, माणूस रात्रभर खोकतो. माझी आई म्हणायची, 'धूळ बाधली.' मुकादम म्हणायचा, 'कामचोर.'