सुइणींची शिष्यवृत्ती

थोरांच्या स्मरणार्थ पुतळे उभारण्याची चाल सर्वत्र आहे. राणी व्हिक्टोरिया १९०१ साली निवर्तल्यावर तिच्या नावाने एक निराळे स्मारकही झाले. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी १९०३ साली हिंदुस्थानातील सुइणींच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी स्थापन केला. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यास अर्भकास धनुर्वात होऊ शकतो. म्हणून परंपरागत सुइणींना दूर न सारता त्यांनाच स्वच्छतेचे धडे द्यावेत, हा हेतू होता. परंतु हातावर पोट असलेली सुईण रोजचे काम सोडून वर्गास कशी येणार? यासाठी तिला विद्यावेतन देण्यात येई. सेवेचा व्यवसाय शिकू इच्छिणाऱ्या गरिबाची नुसती फी भरून भागत नाही. शिकण्याच्या दिवसांत त्याची चूल पेटती राहील, एवढी तरतूद शिष्यवृत्तीत हवी.