गुलाबाचे खुंट
गुलाबाच्या निवडक प्रकाराचा डोळा ज्या काटक व जोमदार जातीच्या रोपावर भरतात, त्या रोपास खुंट म्हणतात. संकरित गुलाबांच्या बियांपासून मूळ झाडासारखी रोपे मिळत नाहीत आणि त्यांपैकी पुष्कळांची छाटकलमे जोमाने वाढत नाहीत. म्हणून मुळे एका जातीची व फुले दुसऱ्या प्रकाराची अशी जोड करावी लागते.

खुंटाची निवड जमीन व हवामान पाहून करतात. मूळची जपान-कोरियातील रोझा मल्टिफ्लोरा ही जाती किंचित अम्लीय जमिनीत चांगली वाढते. तिचे बिनकाटेरी प्रकार हाताळण्यास सोयीचे असतात. परंतु चुनखडीच्या जमिनीत तिला लोह कमी पडून पाने पिवळी होतात. उत्तर भारताच्या मैदानी भागातील अल्कधर्मी जमिनींत रोझा इंडिकाचा ओडोराटा हा प्रकार वापरतात. यूरोपात रोझा कॅनिनाचे खुंट बियांपासून तयार करतात.

भारतात खुंट मुख्यत्वे छाटकलमांनी वाढवितात. पक्व फांद्यांचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, १५ ते २० सेंमी. लांबीचे तुकडे डोळ्याच्या लगेच खाली कापतात. वरचे दोन-तीन डोळे राखून मातीत जाणाऱ्या भागावरील सर्व डोळे धारदार चाकूने काढून टाकतात आणि तुकडे पावसाळ्यात वाफ्यात लावतात. डोळे काढण्याचे हे काम किरकोळ दिसले, तरी झाडाचे आयुष्य त्यावर ठरते. मातीखाली राहिलेल्या डोळ्यापासून खुंटाची फूट वाढते, मुळांनी शोषलेले पाणी व पोषकद्रव्ये ओढून घेते आणि भरलेला गुलाब कालांतराने मरतो. निवडक गुलाब ‘रानटी झाला’ असे म्हणतात, तेव्हा बहुधा हेच घडलेले असते.

हिवाळ्यात खुंटाची साल सहज सुटू लागली, म्हणजे जमिनीपासून सु. ५ सेंमी. उंचीवरील काटे काढून सालीत टी-आकाराची खाच घेतात. तीत डोळा बसवून तो उघडा राहील अशा बेताने प्लॅस्टिकची पट्टी बांधतात. सु. तीन आठवड्यांत तो हिरवा राहिल्यास कलम साधले असे समजतात आणि पुढे वरचा खुंट छाटतात. खुंट किंवा डोळा व्हायरसग्रस्त असल्यास मोझाइक रोग नव्या झाडात उतरतो. म्हणून दोन्ही निरोगी झाडांपासून घेतात.

पर्णिकांच्या संख्येवरून खुंटाची फूट खात्रीने ओळखता येत नाही. माती बाजूला करून ती जोडाच्या खालून निघाली आहे काय, हे पाहतात व उगमापासून उपटून काढतात. नुसती वरून छाटल्यास ती अधिक जोमाने फुटते.