पूर्वप्रतिबलित काँक्रीट : मानकांत सुधारणा का होते?

खाडीवरील पूल, रेल्वेचे स्लीपर, विजेचे खांब, पाण्याच्या मोठ्या टाक्या अशा अनेक कामांत पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा उपयोग होतो. या काँक्रीटमुळे कमी साहित्यात लांब गाळ्यांचे पूल उभारणे शक्य झाले. मात्र त्याचे सामर्थ्य ज्या पोलादी तारांवर अवलंबून असते, त्या तारा बाहेरून दिसत नाहीत. म्हणूनच अशी बांधकामे कशी करावीत हे ठरवून देणारी मानके आणि त्यांत वेळोवेळी होणाऱ्या सुधारणा यांना विशेष महत्त्व आहे.

पूर्वप्रतिबल म्हणजे काय?

काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याला फारसा सोसत नाही. तुळईवर भार आला की ती वाकते, तिच्या तळाशी ताण निर्माण होतो आणि तेथे तडे जातात. ते टाळण्यासाठी भार येण्यापूर्वीच काँक्रीटमध्ये दाब निर्माण करून ठेवावयाचा, ही पूर्वप्रतिबलाची मूळ कल्पना होय. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापविलेली लोखंडी धाव चढवितात. ती निवून आकसली की चाकाचे सर्व भाग घट्ट आवळले जातात. येथेही तत्त्व तेच आहे.

फ्रेंच अभियंता यूजेन फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यापूर्वीचे प्रयत्न सफल झाले नव्हते. काँक्रीट कालांतराने आकसते आणि सततच्या दाबाखाली हळूहळू आखूड होते. त्यामुळे साध्या लोखंडी सळईतील बहुतेक ताण नाहीसा होई. उच्च ताणशक्तीच्या तारा पुरेशा ताणल्या, तर ही घट वजा जाताही आवश्यक तेवढा ताण शिल्लक राहतो, हे फ्रेसिने यांनी ओळखले.

स्लीपरसारख्या कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूंत तारा आधी ताणून त्यांच्याभोवती काँक्रीट ओततात. पुलांच्या तुळयांत बहुधा याउलट क्रम असतो. काँक्रीटमध्ये नळ्या ठेवलेल्या असतात. ते पुरेसे कठीण झाल्यावर नळ्यांतून ओवलेले तारांचे जुडगे जॅकने ताणून दोन्ही टोकांना पाचरींनी जखडतात आणि नळ्यांत सिमेंटचा पातळ लगदा दाबाने भरतात. हा लगदा तारांचे गंजापासून रक्षण करतो.

गंजाचा छुपा धोका

साध्या सलोह काँक्रीटमध्ये सळई गंजली की ती फुगते, वरचे काँक्रीट फुटते आणि धोक्याची पूर्वसूचना मिळते. पूर्वप्रतिबलित तुळईत ही सूचना मिळेलच असे नाही. नळीत लगदा नीट भरला गेला नाही, तर पोकळीत पाणी व क्षार साचतात. तारा बारीक आणि अतिशय ताणलेल्या असल्याने थोडासा गंजही त्यांना घातक ठरतो.

वेल्समधील इनिस-इ-ग्वास येथील पूल ४ डिसेंबर १९८५ रोजी कोसळला, तो तारा गंजल्यामुळेच. त्यानंतर सातच महिन्यांनी, ५ जुलै १९८६ रोजी, गोव्यात पणजीजवळील मांडवी नदीवरचा पूल कोसळला. तो बांधून दोन दशकेही झाली नव्हती. १९७३ मध्ये खुल्या झालेल्या ठाणे खाडीवरील पुलाच्या तारांनाही गंजाने ग्रासले. तेथे बाहेरून जादा तारा ताणून तुळयांना बळकटी द्यावी लागली. ब्रिटनने तर १९९२ मध्ये लगदा भरण्याच्या पद्धतीचे नवे पूल बांधणे काही वर्षे थांबविले आणि त्या काळात कामाचे नियम अधिक कडक केले.

मानकांचा प्रवास

भारतात पूर्वप्रतिबलित काँक्रीटसाठी भारतीय मानक १३४३ हे १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. १९८० च्या आवृत्तीत संरचनेच्या संकल्पनाची नवी पद्धत आली आणि तडे कितपत चालतील यानुसार बांधकामांचे तीन प्रकार ठरले. २०१२ च्या आवृत्तीत टिकाऊपणाला मोठे स्थान मिळाले. परिसर सौम्य आहे की अतितीव्र, याच्या पाच श्रेणी करून त्यांप्रमाणे काँक्रीटची किमान प्रत ठरविण्यात आली. सागरी हवेतील बांधकाम, लाटांचे तुषार झेलणारा भाग आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खांब यांना आता एकच नियम लागू होत नाही.

काँक्रीटमधील क्लोराइड क्षारांचे प्रमाणही बांधून दिलेले आहे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार सलोह काँक्रीटच्या एका घनमीटरात ०.६ किलोग्रॅमपर्यंत क्लोराइड चालते. पूर्वप्रतिबलित काँक्रीटसाठी ही मर्यादा ०.४ किलोग्रॅम आहे. रस्त्यांवरील पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २०११ मध्ये ११२ क्रमांकाची एकत्रित संहिता प्रसिद्ध केली आणि २०२० मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली.

जुन्या पुलांची निगा

सुधारित मानक नव्या बांधकामाला लागू होते. जुना पूल मात्र त्याच्या काळातील नियमांनुसारच उभा असतो. म्हणून जुन्या पुलांची नियमित तपासणी, पाण्याचा योग्य निचरा आणि वेळीच दुरुस्ती यांना पर्याय नाही. नव्या कामात नळी पूर्ण भरली की नाही, हे काम चालू असतानाच पाहावे लागते. तुळई जागेवर बसल्यावर ते तपासणे फार कठीण असते. खाडीकाठच्या प्रदेशात रोजची ये-जा पुलांवर अवलंबून असल्याने ही दक्षता अभियंता, कंत्राटदार आणि कामावरील मुकादम या सर्वांनीच बाळगली पाहिजे.