बाटलीत मोजा पाऊस

दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, पट्टी आणि वही. पर्जन्यमापकाला एवढं पुरतं. बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बूड सपाट नसतं, म्हणून तळाशी खडे आणि पाणी घालून शून्याची खूण सरळ भागात करायची; हे राहिलं की सगळे आकडे चुकतात. नोंद सकाळी साडेआठला, हवामान खात्याचीही वेळ तीच. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर 1 लिटर पाणी.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये किंवा सांगलीच्या आटपाडी-जतमध्ये जेमतेम पाचशे. तिथल्या मुलांनी कोरड्या दिवशीही ‘0’ लिहावा. कोरी जागा म्हणजे नोंद नव्हे!

सांगलीत आयर्विन पुलाची मोजपट्टी आयतीच आहे. कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. कोयना पाणलोटातला पाऊस आणि पुलाजवळची पातळी शेजारी-शेजारी लिहून पाहा. धरणाच्या विसर्गासाठी तिसरा रकाना मात्र ठेवाच.