आंतरराष्ट्रीय वित्तशास्त्रातील अनुभवाधिष्ठित शोधनिबंध

आंतरराष्ट्रीय वित्तशास्त्रातील अनुभवाधिष्ठित शोधनिबंध म्हणजे विनिमय दर, व्याजदर, भांडवलाची ये-जा, परकीय कर्ज अशा विषयांवरील एखादे विधान प्रत्यक्ष आकडेवारीवर तपासून पाहणारा निबंध होय. सैद्धांतिक निबंधात गृहीतकांपासून निष्कर्षापर्यंत तर्काने जाता येते. येथे मात्र आपले विधान खोटे ठरू शकते, ही शक्यता लेखकाला आरंभीच मान्य करावी लागते. ती शक्यता ज्यात उरलेली नाही, असा निबंध कोष्टकांनी कितीही सजलेला असला तरी तो तपासणी नसून केवळ समर्थन ठरतो.

== प्रश्नाची निवड ==

‘रुपयाचा विनिमय दर : एक अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘भारत व अमेरिका यांच्या व्याजदरांतील फरकावरून पुढील तीन महिन्यांतील रुपयाच्या दराचे भाकीत करता येते काय?’ हा प्रश्न आहे, कारण त्याला नकारार्थी उत्तर मिळू शकते. मार्टिन फेल्डस्टाइन व चार्ल्स होरिओका यांच्या १९८० सालच्या निबंधातील प्रश्नही असाच एका वाक्यात सांगता येतो : भांडवल देशोदेशी मुक्तपणे फिरत असेल, तर एखाद्या देशातील गुंतवणूक त्याच देशातील बचतीवर अवलंबून का असावी? विकसित देशांची आकडेवारी पाहता बचत व गुंतवणूक यांचा संबंध अपेक्षेपेक्षा फारच घनिष्ठ निघाला. ‘फेल्डस्टाइन-होरिओका कोडे’ या नावाने त्याची चर्चा आजही चालू आहे.

== विदा ==

निबंधाचा बहुतेक वेळ गणितात नव्हे, तर विदा गोळा करण्यात व समजून घेण्यात जातो. रुपयाचेच उदाहरण घेऊ. १९९२ च्या मार्चमध्ये भारतात दुहेरी विनिमय दराची व्यवस्था आली आणि १९९३ च्या मार्चमध्ये दोन्ही दर एक होऊन रुपयाचा दर बाजारावर सोपवला गेला. त्यापूर्वीचा दर प्रशासनाने ठरवलेला होता. या दोन कालखंडांतील आकडे एकाच साखळीत ओवले, तर सूत्र काहीतरी उत्तर देईल; पण ते उत्तर कोणत्या व्यवस्थेविषयीचे आहे, हे सांगता येणार नाही. १९९३ नंतरही भारतीय रिझर्व्ह बँक बाजारात डॉलरची खरेदी-विक्री करीत आली आहे. तिचे मासिक आकडे बँकेच्या पत्रिकेत प्रसिद्ध होतात आणि रुपयावर लिहिणाऱ्याने ते पाहिलेच पाहिजेत.

काही गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण निबंध तेथेच फसतो. एका डॉलरला किती रुपये, अशा रीतीने दर मांडल्यास आकडा वाढणे म्हणजे रुपया घसरणे होय. चिन्हाचा हा घोळ विद्यार्थ्यांच्या लेखनात वारंवार आढळतो. महिन्याची सरासरी घ्यायची की महिनाअखेरचा दर, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. लागोपाठच्या बदलांत मुळात काहीही संबंध नसला, तरी सरासऱ्यांच्या बदलांत तो कृत्रिमपणे निर्माण होतो, हे हॉलब्रुक वर्किंग यांनी १९६० मध्ये दाखवून दिले. तसेच, काळाबरोबर स्वैरपणे चढणाऱ्या-उतरणाऱ्या दोन असंबद्ध मालिकांतही समाश्रयण (रिग्रेशन) भक्कम नाते दाखवू शकते, असा इशारा क्लाइव्ह ग्रेंजर व पॉल न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये दिला होता.

== मीझ व रोगॉफ यांचा निबंध ==

या लेखनप्रकाराचा आदर्श म्हणून रिचर्ड मीझ व केनेथ रोगॉफ यांच्या १९८३ सालच्या निबंधाकडे पाहता येते. तो ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ब्रेटन वुड्स व्यवस्था कोसळून १९७३ च्या मार्चमध्ये प्रमुख चलने तरती झाली. त्यानंतरच्या दशकात अर्थशास्त्रज्ञांनी पैशाचा पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, व्याजदर, महागाईची अपेक्षा आणि चालू खाते यांच्या आधारे विनिमय दराची अनेक प्रतिमाने रचली. घडून गेलेल्या काळाचे स्पष्टीकरण ती बऱ्यापैकी देत होती.

मीझ व रोगॉफ यांनी प्रश्न बदलला. प्रतिमान ज्या आकड्यांवर बेतले, त्यांच्याच बाबतीत ते जुळते, यात नवल ते काय? न पाहिलेल्या महिन्यांचे काय? म्हणून त्यांनी १९७३ ते १९८१ या काळातील मासिक विदा घेतली. आरंभीच्या वर्षांवरून प्रतिमान बेतायचे, पुढील १, ३, ६ व १२ महिन्यांचे भाकीत करायचे, मग एक महिना पुढे सरकून तीच क्रिया पुन्हा करायची, अशी रीत त्यांनी अवलंबिली. डॉलरचा मार्क, येन व पौंड यांच्याशी असलेला दर आणि डॉलरचा व्यापारभारित दर त्यांनी तपासला.

प्रतिस्पर्धी म्हणून त्यांनी अगदी साधा नियम उभा केला : आज जो दर आहे, तोच पुढेही राहील. हा नियम यादृच्छिक भ्रमणाच्या कल्पनेतून येतो आणि त्यासाठी अर्थशास्त्राच्या ज्ञानाची गरज नाही. शिवाय त्यांनी प्रतिमानांना एक मोठी सवलत दिली. भाकिताच्या वेळी जे उत्पन्न वा व्याजदर कोणालाच ठाऊक नसतात, त्यांचे नंतर प्रत्यक्षात आलेले आकडे प्रतिमानांच्या हाती आधीच ठेवले. एवढे करूनही चुकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ हे माप लावले असता कोणतेही प्रतिमान त्या साध्या नियमाला सातत्याने हरवू शकले नाही.

निबंधाचे बळ या सवलतीत आहे. प्रतिपक्षाला अनुकूल अट स्वतःहून दिल्यामुळे ‘आकडे अपुरे होते’ ही पळवाट पुष्कळशी बंद झाली.

== पुढील वाद ==

नेल्सन मार्क यांनी १९९५ मध्ये तीन-चार वर्षांच्या दीर्घ पल्ल्यात भाकीत शक्य असल्याचे मांडले. २००३ मध्ये जॉन फाउस्ट, जॉन रॉजर्स व जोनाथन राइट यांनी तीच तपासणी वेगवेगळ्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवर करून पाहिली, तेव्हा तो निष्कर्ष विदा कोणत्या सुमारास उतरवून घेतली यावर बराचसा अवलंबून असल्याचे दिसले. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे पुढे सुधारले जातात. त्यामुळे विदा कोणत्या तारखेला घेतली याची नोंद निबंधात असावी लागते. चार्ल्स एंगेल व केनेथ वेस्ट यांनी २००५ मध्ये वेगळीच बाजू मांडली. दर भविष्यातील अपेक्षांवर ठरत असेल, तर योग्य प्रतिमानातूनही तो यादृच्छिक भ्रमणासारखाच दिसू शकतो. म्हणजे भाकीत न साधणे हा सिद्धान्त चुकल्याचा पुरावा असेलच असे नाही.

== मांडणी व फेरतपासणी ==

प्रस्तावना, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, विदा, पद्धत, निष्कर्ष हा क्रम रूढ आहे आणि त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. प्रस्तावनेत मुख्य उत्तर आकड्यासह सांगून टाकावे. शोधनिबंध ही रहस्यकथा नव्हे. गुणक शून्यापासून वेगळा आहे एवढे सांगून थांबू नये, तो व्यवहारात किती मोठा आहे हेही सांगावे. इतर कालखंड वा इतर चलने घेतल्यास निष्कर्ष टिकतो का, याची कोष्टके प्रतिकूल असली तरी द्यावीत.

फेरतपासणीचे महत्त्व रोगॉफ यांच्याच पुढील एका निबंधावरून सर्वज्ञात झाले. कार्मेन राइनहार्ट यांच्यासह २०१० मध्ये लिहिलेल्या या निबंधात सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांची वाढ बरीच मंदावते, असे म्हटले होते. काटकसरीच्या धोरणाचे समर्थन करताना अनेक राजकारण्यांनी त्याचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या संशोधक विद्यार्थ्याने मूळ एक्सेल पत्रक मिळवून पाहिले, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश वगळले गेल्याचे आढळले. मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांच्यासह त्याने २०१३ मध्ये फेरगणित प्रसिद्ध केले. काही वर्षे वगळणे व देशांना दिलेला भार यांवरही त्यांचा आक्षेप होता. हे सर्व दुरुस्त केल्यावर त्या गटाची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के निघाली. मूळ लेखकांनी पत्रकातील चूक मान्य केली. मात्र जास्त कर्ज व मंद वाढ यांचा संबंध दिसतो, हे आपले म्हणणे त्यांनी सोडले नाही.

आता अर्थशास्त्रातील अनेक प्रमुख नियतकालिके निबंधासोबत विदा व संगणकीय आज्ञावलीही मागतात.