तेलाचा दाब जातो कुठे?

अॅम्बॅसडर गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पण हौसेने जपलेल्या अॅम्बॅसडर अजूनही रस्त्यावर दिसतात. अशी एखादी गाडी घाट चढून येते, चौकात थांबते आणि तेलाच्या दाबाचा काटा तळाला जातो. जिथे काटा नसून नुसता लाल दिवा असतो, तिथे तो लुकलुकू लागतो. अॅक्सिलरेटर थोडा दाबला की सगळे ठीक. सकाळी इंजिन थंड असताना तर काहीच तक्रार नसते. 'पंप गेला असेल' असे बहुतेकांना वाटते. पण पंप गेला असता, तर त्याने सकाळीही दाब दिला नसता.

इथे आपण एक मूलभूत प्रश्न विचारू. दाब तयार कोण करतो?

सुई काढलेली एक सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरून दट्ट्या सावकाश दाबा. पाणी सहज बाहेर पडते, अंगठ्याला काहीच जाणवत नाही. आता सुई बसवा (मुलांच्या हाती द्यायची तर टोक आधी घासून बोथट करावे) आणि पाणी तेवढ्याच वेगाने बाहेर काढायचा प्रयत्न करा. अंगठा दुखू लागेल. ढकलणारा अंगठा तोच आणि पाणीही तेवढेच. फरक पडला तो वाट अरुंद झाल्यामुळे.

इंजिनाचा तेलपंप म्हणजे हा अंगठा. तो दर फेऱ्याला ठराविक तेल पुढे ढकलतो. हे तेल जाते क्रँकच्या बेअरिंगांकडे. अॅम्बॅसडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात क्रँकची मुख्य बेअरिंगे तीन आणि कनेक्टिंग रॉडची चार. प्रत्येक ठिकाणी दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये जेमतेम केसाच्या जाडीएवढी, अनेकदा त्याहूनही कमी, फट असते. तिच्यातून तेल वाट काढत बाहेर येते आणि खाली चेंबरमध्ये पडते. या फटींचा विरोध म्हणजेच आपला काटा दाखवतो तो दाब.

अशा बारीक फटीतून जाणारा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. बेअरिंग झिजून फट ०.०५ मिलिमीटरची ०.१० झाली, तर दाब तेवढाच असताना आठपट तेल निसटेल. त्यात उष्णतेची भर. २०डब्ल्यू-५० हे या गाड्यांचे नेहमीचे तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढे दाट असते, त्याच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्श्याएवढेच ते १०० अंशांना उरते. घाट चढून आलेले इंजिन, पातळ झालेले तेल, रुंद झालेल्या फटी आणि चौकात मंद फिरणारा, म्हणून थोडेच तेल देणारा पंप! काटा नेमका तिथेच का पडतो, हे आता सांगायला नको.

मग हा दाबच क्रँकला उचलून धरतो का? नाही. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. आस खालून तेलात बुडालेला, पंप मुळीच नाही. त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडले, तर त्यातून तेल वर येऊ लागले. बूच मारले, तेही बाहेर ढकलले गेले. दाबमापक लावल्यावर दर चौरस इंचाला २०० पौंडांहून अधिक दाब दिसला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता १०० पौंड! फिरता आस स्वतःच तेलाला पाचरीसारख्या निमुळत्या जागेत ओढतो आणि त्या पाचरीवर तरंगतो, हे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. पंपाचे काम या पाचरीला तेल पुरवण्याचे. पुरवठा तुटला की धातूला धातू घासतो आणि बेअरिंगचा मऊ थर काही मिनिटांतही जाऊ शकतो. म्हणून चालत्या गाडीत दिवा लागून राहिला, तर 'सेन्सर बिघडला असेल' म्हणत पुढचे गाव गाठण्यात अर्थ नाही. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

शोध घ्यायचा तो स्वस्तापासून महागाकडे. आधी डिपस्टिक पाहावी. तेल कमी असेल तर गोष्ट तिथेच संपू शकते, अर्थात ते कुठे गेले हे पाहावे लागेल. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिनाला जोडलेल्या पेट्रोलपंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता असते. ते पेट्रोल चेंबरमध्ये उतरून तेल पातळ करते. तेल दुधाळ कॉफीसारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे.

हे सगळे ठीक असेल तर दाब खरोखर कमी आहे का, हे तपासावे. दिव्याची वायर सेन्सरवरून काढली आणि तरीही दिवा जळत राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. दिवा विझला, तर सेन्सर काढून त्या जागी साधा दाबमापक बसवावा आणि इंजिन पुरते तापू द्यावे. गॅरेजमधला ढोबळ नियम असा, की दर मिनिटाला हजार फेऱ्यांमागे दर चौरस इंचाला १० पौंड दाब असावा. नेमका आकडा मात्र गाडीच्या पुस्तिकेतलाच धरावा.

थंड इंजिनातही दाब कमी असेल, तर संशय जातो चेंबरमधली जाळी, पंप आणि रिलीफ व्हॉल्व्हवर. हा व्हॉल्व्ह म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेली दट्टी. दाब फार वाढला तर ती मागे सरते आणि जास्तीचे तेल परत सोडते. कचरा अडकून ती उघडीच राहिली, तर तेल आधीच पळून जाते. अॅम्बॅसडरमध्ये हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या बाजूला एका घुमटाकार नटाखाली असतो, म्हणून इंजिन खोलण्यापूर्वी तो काढून साफ करावा. थंडपणी दाब उत्तम आणि तापल्यावर गायब असेल, तर मात्र बहुधा बेअरिंगेच झिजली आहेत. मग चेंबर उतरवून बेअरिंगे मोजावी लागतात. क्रँक झिजला असेल तर घासून घेऊन त्या मापाची, आतून कमी व्यासाची बेअरिंगे घालावी लागतात.

इथे अनेकजण स्वस्त वाट धरतात: अधिक दाट तेल किंवा डब्यातले 'औषध'. काटा वर चढतो खरा, पण फट तेवढीच राहते. शिवाय सकाळी दाट तेल बेअरिंगांपर्यंत उशिरा पोचते. जुनी गाडी विकणाऱ्याला हा उपाय चांगला माहीत असतो, म्हणून घेणाऱ्याने इंजिन अर्धा तास पळवल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवू नये, असे आम्हांला वाटते.

काम झाल्यावर इंजिन लगेच चालू करू नये. नवी बेअरिंगे अजून कोरडीच असतात, मिस्त्रीने जोडताना लावलेले तेल सोडले तर. पंप तेलाने भरून, स्पार्क प्लग काढून आणि कॉइलची वायर सोडून दाबमापकाचा काटा हलेपर्यंत इंजिन नुसते सेल्फवर, मध्ये थांबत थांबत, फिरवावे. मगच प्लग बसवून स्टार्ट करावे.