पश्चिमेची खिडकी आणि मोटारीचा पडदा

उमरेडहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. मुलाने नागपुरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दिवाणखान्याला पश्चिमेकडून भिंतभर काचेची खिडकी. मुलगा म्हणतो, मोबाईलवरून वरखाली होणारे मोटारीचे पडदे बसवू. वडील म्हणतात, हे नसते थेर. "उन्हाळ्यात आम्ही दोघेही तिथेच राहणार. डॉक्टर, कोणाचे ऐकू?" आरोग्याच्या सदरात पडद्यांची चौकशी कशाला, असे कोणी म्हणेल. पण मे महिन्यात दवाखान्यात बसणाऱ्या मला हे पत्र अगदी योग्य पत्त्यावर आले असे वाटते.

कारण सांगतो. माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, गुडघे संधिवाताने जखडलेले. पुण्याच्या मुलाने हौसेने असेच पडदे बसवून दिले होते. दुपारी एक वाजता ते आपोआप खाली येत. मे महिन्यातल्या एका दिवशी साडेबाराला लाइट गेली. कूलर बंद, पडदा वरच. तो हाताने ओढायची सोयच नव्हती. काकू आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मास्तर सोफ्यावरच बसून राहिले आणि उन्हाचा पट्टा हळूहळू त्यांच्या अंगावर आला. पाच वाजता काकू उठल्या, तेव्हा मास्तर वर्गातल्या मुलांची हजेरी घेत होते. अंग चटका बसेल इतके तापलेले. मला फोन आला.

वयस्कर माणसाला तहान कमी लागते, आणि लघवीच्या गोळीने शरीरातले पाणी आणखी घटते. उन्हात बडबड सुरू झाली, तोल गेला, शुद्ध हरपू लागली की तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. फोनवरच मी काकूंना सांगितले, अंगावर पाणी ओता, पंख्याने वारा घाला, काखेत, मानेशी आणि जांघेत बर्फ ठेवा, तोंडाने काही पाजू नका, आणि रिक्षा बोलवा. तापाची गोळी इथे कामाची नाही. मास्तर वाचले, पण आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले.

आता खिडकीकडे वळू. नागपूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, म्हणजे आपला नवतपा लागतो त्या सुमाराला, सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा फारसे ऊन लागत नाही, लहानसा छज्जा पुरतो. छळते ती पश्चिमेची. तीन-चारनंतर उतरता सूर्य छज्ज्याखालून थेट घरात शिरतो, आणि दिवसाची सर्वांत कडक वेळही तीच. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (२०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले आणि एकच खळबळ उडाली. नंतर यंत्रच बिघडलेले निघाले.)

बहुतेक लोक इथे एक गोष्ट विसरतात. पडदा काचेच्या आत असला, तर ऊन काच ओलांडून घरात आलेलेच असते. पडदा तापतो आणि ती उष्णता बरीचशी खोलीतच राहते. मागून पांढरे असलेले कापड थोडे ऊन परत पाठवते, एवढेच. खरा आडोसा काचेच्या बाहेर हवा. आपले आजोबा वाळ्याच्या ताट्या आणि बांबूच्या चिका बाहेरून टांगत, ते काही उगीच नाही. ताटीवर पाणी मारले की वारा गार होऊन येई.

म्हणून, ताई, मुलाला सांगा की मोटार हवी तर घ्या, पण पडदा बाहेरचा घ्या. सोसायटीची परवानगी आधी विचारा. मे महिन्यातल्या वावटळीत मोकळा पडदा फाटतो, म्हणून दोन्ही बाजूंना पट्टी किंवा तार असलेला बघा. दुकानदाराला पहिला प्रश्न कापडाचा किंवा रंगाचा विचारू नका. लाइट गेली, इंटरनेट बंद पडले, तर हा पडदा हाताने खाली येतो का, हे विचारा आणि दुकानातच करून दाखवायला लावा. बॅटरीवरचे पडदे लाइट गेल्यावरही चालतात, पण तापल्या काचेशी बॅटरीचे आयुष्य घटते, तेव्हा ती बदलून मिळते का तेही पाहा. मोबाईलखेरीज एक साधे, मोठ्या बटणांचे रिमोट आईवडिलांच्या हाताशी हवेच.

मोटार थेर नाही. ज्यांचा हात वर जात नाही, अर्धांगवायूने जे खाटेवर आहेत, खिडकी उंच आहे, त्यांना तिचा मोठा आधार आहे. घरात नातवंडे असतील तर आणखी एक फायदा. लोंबणाऱ्या दोरीचा फास लहान मुलाच्या गळ्याला बसू शकतो, मोटारीच्या पडद्याला तशी दोरी नसते.

पडदा पाडायचा तो ऊन काचेवर येण्याआधी. खोली तापल्यावर उपयोग थोडा. कूलर चालू असेल तर समोरची एखादी खिडकी सावलीच्या बाजूने किलकिली ठेवा, नाहीतर दमट हवा कोंडते आणि घाम सुकत नाही. रात्री बाहेर गार झाले की सगळे उघडा. आणि पडद्याची धूळ ओल्या फडक्याने पुसा, दम्याच्या रुग्णाने स्वतः झटकू नये.

मास्तरांकडे मोटारीचा पडदा अजून आहे. त्याच्या बाहेर आता गॅलरीत बांबूची चिक टांगली आहे. जेवणे आटोपली की काकू दोरी सोडतात. दुपारी एकच्या सुमारास पुण्याहून मुलाचा फोन येतो, "आई, चिक खाली आहे ना?"